आजीच्या गालावरचे देवीचे वण एआय दर वेळी पुसून टाकतं. खरी त्वचा कशी आणायची?

दांडियाबाजारची लेक (बडोदा)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात विचारून दोन ठिकाणी फक्त 'अमुक ॲप वापरा' एवढंच उत्तर मिळालं.

माझी आजी १९८८ साली गेली. तिचा एकटीचा असा फोटो घरात एकही नाही. आहे तो १९६४ सालचा, दांडियाबाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात काढलेला, अकरा माणसांचा, काळा-पांढरा. आजी मागच्या रांगेत, डोक्यावर पदर, चेहरा जेमतेम ९ मिलिमीटर उंच. १२०० डीपीआयला स्कॅन केल्यावर त्या चेहऱ्याच्या वाट्याला सव्वाचारशे पिक्सेल येतात. यावरून तिचं मोठं चित्र करून दसऱ्याला, सगळे जमतात तेव्हा, लावायचं मनात आहे.

आजी सावळी होती. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, त्याचे वण दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर होते. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. रात्री तिच्याजवळ झोपताना मी तिच्या गालावरून बोट फिरवायची, ते खळगे बोटाला लागायचे. तिचा चेहरा मला डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त आठवतो.

आधी एका ऑनलाइन साइटवर फोटो टाकला. जी बाई आली ती गोरी, मेणाची, भुवया कोरलेल्या, गोंदण गायब. मग भाच्याने त्याच्या कॉम्प्युटरवर चित्रं काढणारं एआय मॉडेल चालवलं. प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला द्यायच्या वर्णनात) आम्ही 'ब्यूटिफुल ओल्ड इंडियन वुमन, डिटेल्ड स्किन, व्हिजिबल पोअर्स, ८के, मास्टरपीस' असं सगळं घातलं. आता त्वचा आली, पण संत्र्याच्या सालीसारखी. कपाळावर, ओठाच्या वर, अगदी पापणीवरसुद्धा सारखीच छिद्रं. आत्याला (वय ८१) दाखवलं. तिने चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "कोण गं ही? चांगली आहे. पण आपली नाही."

कुठे चुकतंय ते सांगाल का?

नोडजोड्या (इंदूर)

ताई, चूक एका जागी नाही. तीन-चार जागी थोडी थोडी त्वचा खरवडली जातेय.

पहिली जागा म्हणजे शब्द. मॉडेल शब्दांचा अर्थ समजून काढत नाही. कोणत्या मजकुराबरोबर कसली चित्रं असतात हे त्याने पाहिलेलं असतं. 'ब्यूटिफुल', 'मास्टरपीस', '८के' हे शब्द ज्या चित्रांखाली असतात ती बहुतेक जाहिरातीतली, घासूनपुसून गुळगुळीत केलेली किंवा सरळ संगणकावर घडवलेली. स्टेबल डिफ्यूजन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्त्यांचं शेवटचं शिक्षण तर मुद्दाम 'दिसायला सुंदर' असा गुण मिळालेल्या चित्रांवर झालं, आणि तो गुणही एका प्रोग्रॅमनेच दिलेला. आजीसारख्या चेहऱ्यांना त्या गाळणीतून कितीसा वाव मिळाला असेल? हे तिन्ही शब्द काढा. 'पोअर्स' पण काढा, त्यानेच साल येतेय. त्याऐवजी साध्या फोटोचं वर्णन लिहा: वय, दुपारची वेळ, उजेड कुठून येतोय, साधा कॅमेरा, घरातला फोटो.

दुसरी जागा गायडन्स. प्रॉम्प्टला किती घट्ट धरून राहायचं ते ठरवणारा आकडा. भाचा एसडीएक्सएल (स्टेबल डिफ्यूजनचीच नंतरची आवृत्ती) वापरत असेल तर तो ७ वर असेल. ४ ते ५ वर आणा. फ्लक्स डेव्ह हे दुसरं मॉडेल असेल तर नेहमीचा ३.५ सोडून २ ते २.५. आकडा चढा असला की रंग भडक होतात, गालावर चकाकी येते आणि सावल्या कापून काढल्यासारख्या दिसतात. प्लॅस्टिक दिसण्याचं निम्मं कारण माझ्या अनुभवात हेच निघतं.

तिसरी जागा कुणी फारशी सांगत नाही. मॉडेल पूर्ण आकाराच्या चित्रावर काम करतच नाही. व्हीएई नावाचा भाग आधी चित्र दोन्ही बाजूंनी आठपट आकसतो. १०२४ पिक्सेलची बाजू १२८ होते. आता चेहरा चित्राच्या एक अष्टमांश रुंदीचा असला तर त्याला आडवी फक्त १६ घरं मिळतात. सोळा घरांत डोळे, नाक, तोंड बसवायचं, वण कुठून येणार? म्हणून चेहरा नेहमी वेगळा कापून, मोठा करून, त्याच्यावर स्वतंत्र काम करायचं आणि मग परत जागेवर चिकटवायचा. यालाच इनपेंटिंग म्हणतात.

चौथी म्हणजे 'फेस रिस्टोर'चा टिक. जीएफपीगॅन आणि कोडफॉर्मर अंधुक चेहरे साफ करायला बनवलेत. चेहऱ्यावर जे नीट कळत नाही ते काढून तिथे सरासरी चेहरा बसवायचा हेच त्यांचं काम. आजीचे वण त्यांच्या लेखी डाग आहेत. तो टिक काढाच.

आणि डीनॉइझ (मूळ चित्र किती बदलू द्यायचं तो ० ते १ मधला आकडा) किती ठेवलं होतंत? ०.६ च्या वर असेल तर मॉडेलने नवीनच बाई काढली. ०.३ च्या आसपास ठेवा.

साबरमतीकर

एवढं कशाला? शेवटी फिल्म ग्रेन (जुन्या फिल्मसारखे बारीक कण) टाका, त्वचा आपोआप खरी वाटते. मी कायम तेच करतो.

नोडजोड्या

@साबरमतीकर, ग्रेनने फायदा होतो, नाही असं नाही. डोळ्याला सपाट भाग खटकतो तो झाकला जातो. पण ग्रेन अख्ख्या चित्रावर सारखा पडतो, पदरावरही आणि भिंतीवरही. त्वचेचा पोत जागेप्रमाणे बदलतो. ग्रेन शेवटी आणि अगदी हलका टाकावा. मेणाच्या चेहऱ्यावर ग्रेन टाकला तर तो मेणाच्या पुतळ्याचा जुना फोटो दिसतो.

जुना रिटचर (रावपुरा, बडोदा)

मुली, मी चाळीस वर्षं स्टुडिओत काढली. त्यातली निम्मी निगेटिव्ह रिटचिंगमध्ये. कॉम्प्युटरचं मला फार कळत नाही, पण तुझ्या फोटोबद्दल दोन गोष्टी सांगतो.

आम्ही निगेटिव्हवर आधी पातळ मिडियम चोळायचो, म्हणजे पेन्सिल धरायला पकड यायची. मग मागून उजेड येणाऱ्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक स्वल्पविरामासारखे फटकारे. चेहऱ्यावरचा खड्डा किंवा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तो पेन्सिलीने भरला की प्रिंटवर नाहीसा. लग्नाच्या मुलींचे फोटो तर आईबाप सांगूनच भरून घ्यायचे. त्यामुळे त्वचा पुसणं ही नवी गोष्ट नाही. पण चांगला रिटचर गालाचा उठाव आणि हाड सोडून द्यायचा, फटकारे त्वचेच्या वळणाने मारायचा. उस्तादांनी मला पहिल्या महिन्यात एकच गोष्ट शिकवली: डोळ्याखालची सावली हलकी करायची, काढायची नाही. काढली की माणूस जातो.

तुझा फोटो अकरा जणांचा आहे, तेव्हा ९ मिलिमीटरच्या चेहऱ्यावर कुणी पेन्सिल चालवली नसणार. वण दिसत नाहीत त्याचं कारण उजेड. वाड्याच्या चौकात, वरून आभाळाचा पसरट उजेड, ऊन नाही. अशा उजेडात खळग्याला सावलीच पडत नाही. तो दिसायला बाजूने उजेड लागतो. तू मशीनला 'वण दाखव' म्हणतेस आणि उजेड मात्र समोरून ठेवतेस, मग ते काय करणार?

दुसरं, फोटोतलं कुंकू बघ. काळंभोर आलंय का, ओठही फार गडद आहेत का? तसं असेल तर फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असू शकेल. तिला लाल दिसत नाही, लाल ते काळं येतं. सावळ्या त्वचेत लाल-पिवळा भाग पुष्कळ असतो, म्हणून त्या फिल्मवर माणूस आहे त्यापेक्षा काळा येतो. तेव्हा रंग फोटोवरून मोजू नकोस. आत्याबाईंना विचार, घरातलं आज कोण आजीच्या रंगाचं आहे?

दांडियाबाजारची लेक

काका, कुंकू अगदी काळं आहे. आणि आत्या क्षणाचाही विचार न करता म्हणाली, माझ्या धाकट्या चुलतभावाचा हात. तोंड नाही, हात. उद्या त्याला खिडकीशी बसवून हाताचा फोटो काढते.

पॅलेट नाइफ (फाइन आर्ट्स, बडोदा)

हा धागा वाचून राहवलं नाही. मी व्यक्तिचित्रण शिकवते, दर वर्षी पहिल्या वर्गाला हेच सांगत असते: त्वचा हा रंग नाही, ती उजेडाची जागा आहे.

उजेड त्वचेवर पडला की थोडा वरच्या वर परततो आणि बाकीचा आत शिरतो, आत विखुरतो, जरा लांबून बाहेर येतो. लाल उजेड सगळ्यात लांब जातो. म्हणून उन्हाकडे पाठ करून उभ्या माणसाचे कान लाल दिसतात, आणि म्हणूनच उजेड आणि सावली जिथे मिळतात ती कड जिवंत माणसात जराशी तांबूस असते. संगणकावर चेहरे घडवणाऱ्यांनाही हे सोडवावं लागलं. हेन्रिक वान जेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली त्याचं सोपं गणित मांडलं, तोवर पडद्यावरची माणसं संगमरवरी किंवा रबरी दिसत. तुमच्या चित्रात सावलीची कड करडी आहे का ते पाहा. करडी असेल तर वण कितीही सुरेख काढा, चेहरा मातीचाच राहील.

दुसरं, चेहरा एकरंगी नसतो. कपाळ पिवळसर, मधला पट्टा (गाल, नाक, कान) तांबूस, हनुवटीकडे निळसर-हिरवट झाक. एआयला 'ब्राउन स्किन' म्हटलं की ते कपाळापासून गळ्यापर्यंत एकच नारिंगी तपकिरी थर देतं. सावळ्या त्वचेत आणखी एक गंमत आहे, तिच्यावरची चकाकी उजेडाचा रंग घेते. आभाळाचा उजेड असेल तर सावळ्या कपाळावर निळसर चमक येते. गोऱ्या त्वचेत ती हरवते, सावळीत स्पष्ट दिसते. ती निळी चमक आली की सावळेपण उजळून दिसतं, काळवंडत नाही.

बडोद्यातच आहात तर लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फतेसिंहराव म्युझियममध्ये एक सकाळ घालवा. राजा रविवर्म्याने गायकवाडांसाठी केलेली तैलचित्रं तिथे आहेत. दागिने आणि साड्या सगळेच पाहतात. तुम्ही फक्त गळा आणि मनगट पाहा, कुठे कोणता रंग आलाय त्याची वहीत नोंद करा.

@नोडजोड्या, तुमच्या इंदूरचेच चित्रकार ना. श. बेंद्रे आमच्या फॅकल्टीच्या सुरुवातीच्या दिवसांत इथे शिकवायला आले. त्यामुळे इंदूरने बडोद्याला त्वचा शिकवण्याची ही पहिली वेळ नाही!

नोडजोड्या

वा, हे वाचून आज दिवस सार्थकी लागला. तांबूस कडेची गोष्ट मी इतकी वर्षं नुसती 'काहीतरी खटकतंय' म्हणून सोडून देत होतो.

त्वचेची डॉक्टर (ग्वाल्हेर)

वणांबद्दल लिहिते. देवीचे वण आणि तारुण्यपीटिकांचे वण वेगळे असतात. देवीच्या फोडांनी त्वचेतल्या तेलग्रंथी नष्ट व्हायच्या आणि भरून येताना तिथे खळगा राहायचा. चेहऱ्यावर या ग्रंथी सर्वांत जास्त, म्हणून वणही तिथे जास्त. साधारण गोल, उथळ, काही एकमेकांत मिसळलेले. पीटिकांचे वण बहुधा अरुंद आणि वेडेवाकडे असतात. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. त्यानंतर असा चेहरा नव्याने तयार झालाच नाही. मॉडेलच्या शिक्षणातल्या लाखो चेहऱ्यांत असे वण विरळाच असणार. 'स्कार्स' म्हटलं तर ते सुरीचा व्रण देईल. शब्दांनी हे होणार नाही, वण हाताने काढावे लागतील.

बाकी वयाच्या त्वचेचं: छिद्रं नाकावर आणि नाकालगतच्या गालावर ठळक, कानाकडे जाताना विरळ, पापणीवर जवळपास दिसतच नाहीत. सुरकुत्या हसण्याच्या वळणाने जातात, नुसत्या रेघा नाहीत. गोंदणाची शाई त्वचेच्या खालच्या थरात असते, म्हणून वरून ती काळी न दिसता निळसर-हिरवी दिसते, आणि वर्षांनुवर्षं पसरून कडा पुसट होतात. एआयचं गोंदण पेनाने काढल्यासारखं काळं येतं, तेही तपासा.

दांडियाबाजारची लेक

आठ दिवसांनी येतेय. सगळ्यांचं ऐकून पुन्हा पहिल्यापासून केलं. काय झालं ते लिहिते, पुढे कुणाला लागलं तर.

उजेड डावीकडच्या खिडकीतून घेतला. आजी रोज दुपारी तिथेच वाती वळत बसायची, त्यामुळे तो उजेड खोटा नाही. गायडन्स ४.५ केला, 'फेस रिस्टोर' बंद. चेहरा कापून १०२४ वर नेला. चुलतभावाच्या हाताच्या फोटोवरून उजेडातला, सावलीतला आणि कडेचा असे तीन रंग उचलले आणि गालावर हलक्या ब्रशने पसरले, मग डीनॉइझ ०.३ वर एकदा चालवलं. रंग तिथेच बसला. आत्या काही बोलली नाही, पण फोन हातातून खाली ठेवला नाही.

वणांनी मात्र रडवलं. मी हाताने खळगे काढले आणि ते चक्क फोड दिसायला लागले! दोन रात्री कळेना. मग पॅलेट नाइफ ताईंना खाजगीत विचारलं.

पॅलेट नाइफ

ते इथेही लिहिते, कारण अनेकजण इथेच चुकतात. उजेड डावीकडून असेल तर खळग्याची डावी भिंत सावलीत जाते आणि उजवी भिंत उजळते. उंचवट्याचं बरोबर उलट. ताईंनी सावली उजवीकडे दिली होती. डोळा आधी उजेड कुठून येतो ते ठरवतो आणि मग खोलगट की फुगीर ते वाचतो. ब्रश मऊ ठेवा, सावली काळी नको, त्याच त्वचेचा दोन पायऱ्या गडद आणि तांबूस रंग घ्या. सगळे खळगे सारखे नकोत. उजेडाच्या बाजूच्या गालावर पुसट ठेवा, प्रकाश गालावरून घसरून सावलीत जातो त्या पट्ट्यात ठळक. दूरच्या सावलीतले तर सोडूनच द्या.

दांडियाबाजारची लेक

हो, तसं केलं आणि शेवटी फक्त गालाचा मास्क घेऊन (म्हणजे तेवढाच भाग निवडून) डीनॉइझ ०.२ वर एकदा चालवलं, म्हणजे ब्रशच्या खुणा त्वचेत मिसळल्या. ०.३५ ला मॉडेलने निम्मे वण पुन्हा भरून टाकले होते, हे आवर्जून सांगते.

स्पष्टवक्ता

कुणाला वाईट वाटेल, पण विचारतो. हा आजींचा फोटो उरला का? रंग चुलतभावाचा, वण हाताने काढलेले, त्वचा मशीनची. दोन पिढ्यांनी मुलं याला खरा फोटो समजतील. मूळ फोटोच मोठा करून लावा ना, अंधुक असला म्हणून काय झालं?

जुना रिटचर

प्रश्न बरोबर आहे. आमच्या स्टुडिओत माणूस गेल्यावर ग्रुप फोटोतून चेहरा उचलून, मोठा करून, काळा कोट आणि टोपी रंगवून फ्रेम करून देत. घरोघरी असे फोटो आहेत आणि लोक त्यांना हार घालतात. कोट त्या माणसाचा नव्हता. पण चेहऱ्यात जे नव्हतं ते घालायला उस्ताद नको म्हणायचे. इथे मुलीने जे होतं तेच परत घातलंय.

दांडियाबाजारची लेक

@स्पष्टवक्ता, वाईट वाटलं नाही. मीही यावर खूप विचार केला. फ्रेमच्या मागे लिहून ठेवणार आहे: हे चित्र आहे, कधी आणि कशावरून केलं, रंग कुणाच्या हातावरून घेतला. आणि १९६४ चा मूळ फोटो त्याच्याच शेजारी, त्याच्या खऱ्या आकारात. पण नुसता अंधुक फोटो लावला तर माझ्या मुलीला आजीचा चेहरा कधीच दिसणार नाही, आणि साइटने दिलेली गोरी बाई लावली तर चुकीचा दिसेल. देवीतून वाचलेली बाई होती ती. तिचे वण पुसायचा हक्क मला नाही.

काल रात्री पुरं झालेलं चित्र आत्याला दाखवलं. तिने आधी हनुवटीवर बोट ठेवलं. मग डाव्या नाकपुडीजवळ. म्हणाली, "इथला एक राहिलाय. मोठा होता. नथ घातली की तिच्याखाली जायचा." म्हणजे आज तो एक वण काढायचाय.

आता शेवटचा प्रश्न, प्रिंटचा. कागद कोणता घेऊ?

जुना रिटचर

मॅट घे. चकचकीत कागदावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि तुझे वण त्यात बुडतात. आणि लॅबवाल्याला फाइल देताना तोंडी सांगू नकोस, पाकिटावर लिही: 'करेक्शन करू नये'. बऱ्याच लॅबच्या मशीनवर चेहरा उजळ आणि गुळगुळीत करायचं सेटिंग चालूच असतं. आधी पोस्टकार्डाएवढी एक प्रिंट काढून दुपारी त्याच खिडकीशी धरून बघ, मग मोठी सांग.